मीटरच्या लाल दिव्यापासून पोफळीपर्यंत : वीज समजून घ्यायची सुरुवात

आपल्याकडे लाईट जाते, लाईट येते, लाईट बिल भरावं लागतं. वीज मात्र पडते. त्यामुळे ‘वीज समजून घ्या’ म्हटलं की नवख्या माणसाला वाटतं हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाचं काम. ते पुस्तक सध्या राहू द्या. जिन्याखाली किंवा ओटीवर जो मीटर टांगलेला आहे त्याच्यासमोर उभे राहा, सोबत सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. मी चिपळूणला राहतो, कोयनेची वीज माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर तयार होते. पण मलाही वीज कळायला लागली ती पोफळीच्या त्या वीजघरात जाऊन नव्हे, या मीटरपाशी.

आधी दिवा मोजा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, पुष्कळदा ३२००. अर्थ इतकाच, की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर पुढच्या हिशोबात तो घ्या.

आता घरातलं सगळं बंद करा. फ्रीजची पिन काढा, वायफायचा डबा बंद करा, इन्व्हर्टर असेल तर त्याचंही बटण. फक्त एक पंखा फुल्ल स्पीडला लावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. आमच्या माजघरातला जुना पंखा पंधरा सेकंदांना एक लुकलुक देतो. ३२०० च्या मीटरला हिशोब सोपा आहे : ११२५ ला सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. ११२५ भागिले १५ म्हणजे ७५ वॅट. हॉलमधला नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वाऱ्याला पस्तीस-चाळीस सेकंद घेतो, म्हणजे तीसेक वॅट. पंखा बंद करून दोन हजार वॅटचा गिझर लावला की दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकायला लागतो, आणि मीटरसमोरचा माणूस आपोआप आवाज देतो, ‘अरे, कोण आहे रे न्हाणीघरात?’

हा खेळ मुलांना घेऊन करा. आमच्याकडे त्यातून एक चोर सापडला. सगळं बंद केल्यावरही दिवा दीड मिनिटाने एकदा लुकलुकतच होता. टीव्ही बंद होता, पण रिमोटने. सेट टॉप बॉक्स जागाच होता.

धार आणि हंडा

इथे नवख्यांचा पाय घसरतो. वॅट आणि युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाची धार केवढी आहे ते वॅट. हंडा किती भरला ते युनिट. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट जाळायला एकशे अकरा तास घेतो, दोन हजारांचा गिझर अर्धा तास. म्हणून ‘दिवा बंद कर, बिल येईल’ असं दिवसभर म्हणणाऱ्या घरात गिझर तासभर चालू राहिला, तर त्या तासात दिव्याची दहा-पंधरा दिवसांची बचत धुऊन निघते.

वर्तमानपत्रांतही हा घोटाळा होतो. ‘या प्रकल्पातून दिवसाला ५०० मेगावॅट वीज मिळेल’ असं वाक्य दिसलं की पेन्सिलीने खूण करा. मेगावॅट दिवसाला मिळत नाहीत. मेगावॅट ही धार आहे. ती दिवसातले किती तास वाहिली यावर हंडा ठरतो. हे एक नीट बसलं की पुढे सोलरवाला गच्चीवर उभा राहून काहीही सांगू लागला तरी तुम्ही फसणार नाही.

एक वही करा. प्रत्येक वस्तूच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. ते, आणि रोजचे अंदाजे तास. ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास म्हणजे पाऊण युनिट, महिन्याला बावीस-तेवीस. इस्त्री हजार वॅटची असते, पण सारखी तापत नाही. तापली की स्वतः बंद होते, फ्रीजचंही तसंच. अशा वस्तूंना पट्टीवरचा आकडा गुणिले तास हा हिशोब लावू नका, तो फुगतो. विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप पाणी चढवायला ७४६ वॅट देतो, पण मीटरमधून ओढतो त्याहून जास्त. हजाराच्या आसपास धरा.

आंघोळीचं गणित मला स्वतःला आवडतं. पंधरा लिटरची बादली, पाणी पंचवीस अंशांवरून पंचावन्नला न्यायचं, तर साधारण अर्धं युनिट लागतं. दोन हजारांच्या गिझरला सोळा-सतरा मिनिटं. आमच्याकडे वर्षानुवर्षं पाऊण तास आधी गिझर लावायची पद्धत होती, कारण आईच्या वेळी बंब होता आणि बंब पाऊण तास आधीच पेटवावा लागे. बंब गेला, पाऊण तास राहिला.

बिलाची मागची बाजू

वही आणि बिल शेजारी ठेवा. महावितरणच्या बिलात वीज आकार हा एकच रकाना नसतो. स्थिर आकार असतो, तो तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी येतो. वहन आकार म्हणजे तारांचं भाडं. इंधन समायोजन आकार कोळशा-गॅसच्या भावाबरोबर वर-खाली होतो. घरगुती ग्राहकाला या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क, ते राज्य सरकारचं.

टप्प्यांबद्दल एक गैरसमज पक्का आहे. १००, ३००, ५०० युनिट असे टप्पे असतात आणि दर चढत जातो. पण १०१ वं युनिट पडलं म्हणून पहिल्या शंभराचा दर बदलत नाही; चढा दर फक्त वरच्या युनिटांना. तरीही टप्पा ओलांडू न देण्यात फायदा आहेच, कारण वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महाग युनिटांमधलं असतं.

आणि दर महिन्याला त्याच तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा. घर बंद असताना सरासरीवर आलेलं बिल दुरुस्त करून घेताना तोंडी बोलण्यापेक्षा तो फोटो उपयोगी पडतो.

तारेवरून मागे जाताना

आता मीटरमधून बाहेर पडा. खांबावरून येणाऱ्या तारेत आपल्याला मिळतात २३० व्होल्ट. गिझरचे दोन हजार वॅट भागिले २३० म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. म्हणूनच गिझरला सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. सहाच्या बारक्या सॉकेटात त्याची पिन शिरत नाही ती उगाच नव्हे. कनव्हर्टर लावून ती शिरवू नका. तारही तशीच : दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर चालते, पॉवर पॉइंटला अडीच, एसीला चार. इथे आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. एमसीबी, म्हणजे करंट वाढला की पडणारा बोर्डातला खटका, तारेला वाचवते, माणसाला नाही. माणसाला वाचवते तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पडणारा खटका, आणि चालू अर्थिंग. बोर्डात आरसीसीबी नसेल तर हा लेख इथेच ठेवा आणि परवानाधारक वायरमनला फोन करा. ती असेल तर तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, खटका पडला पाहिजे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, हे जुने वायरमन सांगत ते खरं आहे. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही.

खांबावरची तार जाते डीपीपर्यंत. आपण ज्याला डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टांचे घरापुरते करून देतो. त्याच्या वरचा डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला की आळीभर अंधार होतो आणि शेजारच्या आळीत टीव्ही चालू असतो, तो का, हे आता कळेल. डीपीच्या मागे ३३ हजार, मग १३२, २२०, ४०० हजार व्होल्ट. इतका दाब कशाला? तार तापण्यात जी वीज फुकट जाते ती करंटच्या वर्गाच्या पटीत जाते. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढीच वीज निम्म्या करंटात जाते आणि नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. महाराष्ट्रात तर चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची ५०० हजार व्होल्टांची डीसी लाईन आहे. वीज विदर्भात, गिऱ्हाईक मुंबईकडे.

तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे

जवळजवळ सगळीकडे एकच यंत्र आहे : फिरणारं चाक. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं की चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांसमोर हललं की तारेत वीज येते. तेव्हापासून प्रश्न एवढाच, की ते चाक फिरवायचं कोणी. कोळशाच्या वाफेने, अणूच्या उष्णतेने केलेल्या वाफेने, गॅसने, पडणाऱ्या पाण्याने की वाऱ्याने. सौर पॅनेल तेवढं या भानगडीत नाही. त्यात काहीच फिरत नाही.

आता ती शाळेतली विभागणी. पुस्तकात ‘पारंपरिक–अपारंपरिक’ असे दोन कप्पे असायचे आणि त्यांचाच अर्थ ‘संपणारे–न संपणारे’ असा आपण पाठ केला. ते चूक आहे. पारंपरिक म्हणजे जुन्या वापरातलं, बस. कोयनेचं पाणी पारंपरिक आहे आणि नवीकरणीय, म्हणजे पुन्हा भरून येणारंही. कसोटी वेगळी लावा : वापरलेलं किती दिवसांत भरून येतं? कोयनेचा शिवसागर एका पावसाळ्यात भरतो. ऊस वर्ष-दीड वर्षात उगवतो, म्हणून साखर कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून होणारी वीज नवीकरणीय, पण ती गाळपाच्या हंगामापुरती. गोबरगॅस रोजच्या रोज. जंगलातलं लाकूड जेवढं वाढतं तेवढंच तोडलं तर नवीकरणीय; त्याहून जास्त तोडलं तर नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या झाडांचा आहे. युरेनियम धूर सोडत नाही, पण परतही येत नाही. तारापूरचं केंद्र, देशातलं पहिलं, १९६९ पासूनचं, या कसोटीला अनवीकरणीय ठरतं.

कोळशाचा वाटा आपल्या बिलात केवढा आहे ते एकदा वजनात बघा. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट करायला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम लागतो. महिन्याला शंभर युनिट वापरणारं घर सगळी वीज कोळशाची घेत असेल तर सिमेंटच्या पोत्याएवढं एक पोतं आणि वर थोडा, इतका कोळसा दर महिन्याला जळतो. त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राख होण्याची शक्यता असते, कारण भारतीय कोळशात राख फार. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, एकलहरे ही नावं भारनियमनाच्या बातम्यांत ऐकलेली असतील, ती सगळी याच घराण्यातली. राखेच्या विटा होतात, सिमेंटात जाते, हे खरं. पण चिमणीच्या वाऱ्याखालच्या गावातल्या बाईला वाळत घातलेल्या कपड्यांबद्दल विचारा.

मग ही केंद्रं बंद का करत नाहीत? कारण संध्याकाळचे साडेसात.

साडेसातचा प्रश्न

विजेला कोठार नाही. ज्या क्षणी तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. देशभरातली मोठी जनित्रं एकाच तालात, सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या ठेक्यावर चालतात. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की ठेका मंदावतो. फार मंदावला तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी तुटत जाते. जुलै २०१२ च्या अखेरीस लागोपाठ दोन दिवस उत्तर भारत अंधारात गेला तो ग्रीड, म्हणजे हे जोडलेल्या तारांचं जाळं, कोसळल्यामुळे.

आता दिवसाचा आलेख डोळ्यांसमोर आणा. दुपारी सूर्य भरपूर, पॅनेलं जोरात. संध्याकाळी साडेसातला सूर्य शून्य, आणि घरोघर दिवे, टीव्ही, मिक्सर, उन्हाळा असेल तर एसी. कोळशाचा बॉयलर हुकमी चालू-बंद होत नाही, त्याला तापायला तास लागतात. इथे कोयना उपयोगी पडते. दार उघडलं की काही मिनिटांत वीज.

पोफळी आमच्याच तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला. धरण घाटावर, वीजघर डोंगराच्या पोटात. पाणी बोगद्यातून पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली येतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर धरा; तेवढं पाणी त्या उंचीवरून पडलं की एक-सव्वा युनिट मिळतं. ते पाणी मग कोळकेवाडीत अडवून पुन्हा एकदा खाली सोडतात आणि शेवटी ते वाशिष्ठीला मिळतं. मे महिन्यात कोकणातल्या बाकीच्या नद्यांचे दगड दिसत असतात तेव्हा आमच्या वाशिष्ठीला पाणी असतं, ते घाटावरचं, वीज करून उरलेलं.

कोयना प्रकल्पाची धार १९६० मेगावॅटची. पण हंडा ठरलेला आहे : पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची मर्यादा आहे, कारण पूर्वेला कृष्णाकाठची शेती त्याच पाण्याची वाट बघते. मी कागदावर हिशोब मांडला. सगळी यंत्रं रात्रंदिवस पूर्ण ताकदीने चालवली तर वर्षाचं पाणी दोन महिन्यांच्या आसपास संपेल. म्हणून ती सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेला राखून चालवावी लागते. धार आणि हंडा यांतला फरक याहून चांगला मला कुठे दिसलेला नाही.

घाटघरला याच्या पुढची युक्ती आहे. तिथे वर एक जलाशय, खाली एक. वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडते तेव्हा तेच खाली सोडायचं. २५० मेगावॅट. चढवायला लागते त्याहून कमी वीज परत मिळते, तरी वेळेवर मिळते म्हणून ते परवडतं. वाऱ्याचं वेळापत्रक आणखी निराळं. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या सगळ्यात जोरात फिरतात त्या पावसाळ्यात, ढगांमुळे सौर पॅनेलं सुस्तावलेली असतात नेमकी तेव्हा.

नवीकरणीय म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ मात्र काढू नका. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती आणि जमिनी मावळच्या लोकांच्या. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, धरणाच्या पाण्याशी जोडला जाणारा भूकंप अजून सांगणारी माणसं आहेत.

छपरावर सोलर बसवायचं ठरवलंत तर

मग वही काढा, म्हणूनच ती आधी करून घेतली. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिटं देतं आणि शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा घेतं. महिन्याला दोनशे युनिटं लागत असतील तर दोन किलोवॅट पुरेत. विकणारा पाच सांगेल. कोकणात जून ते सप्टेंबर हा आकडा निम्म्यावर किंवा खालीही येतो, तेव्हा हिशोब वर्षाचा करा, मे महिन्याचा नको. आणि मे महिन्याचंही कौतुक बेताने : पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. तापलेलं पॅनेल कमी वीज देतं. निरभ्र आणि गार फेब्रुवारी त्याला मानवतो.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत, २०२४ मध्ये ती आली तेव्हाच्या दरांनी, दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिकला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल भारतात बनलेलं लागतं. नेट मीटरिंगचे, म्हणजे जास्तीची वीज ग्रीडला देऊन बिलात वळती करून घेण्याचे, नियम बदलत असतात, अर्जाच्या दिवशीचे ताजे नियम वाचा. विकणाऱ्याच्या पत्रकावरचे नव्हे.

आता मी कसा आपटलो ते. तीन किलोवॅट बसवले, पहिल्याच जूनमध्ये वादळात आळीची लाईट गेली. भर दुपार, ढग फाटून ऊन पडलेलं, मी ऐटीत पंखा लावायला गेलो. पंखा हलेना. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, ‘हो साहेब, लाईट गेली की हे पण बंद होतं.’ हे आधी सांगायचं नसतं का? कारण मात्र रास्त आहे. खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात तुमच्या छपरावरची वीज उलटी जाऊ नये म्हणून ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रीड गेल्याबरोबर स्वतः बंद होतो, तो झालाच पाहिजे. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो. हा प्रश्न सही करण्याआधी विचारा. सांगाड्याबद्दलही विचारा, वारा किती सोसेल ते लेखी घ्या. जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांच्या पत्र्यांवरून गेलं त्यांना हे सांगायला नको.

सावलीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पॅनेलं एकामागे एक माळेसारखी जोडलेली असतात, त्यामुळे एकावर माडाच्या झापाची सावली आली तरी सगळी माळ ढेपाळू शकते. दक्षिणेकडे तोंड, सतरा-अठरा अंश उतार, हे कोणीही सांगेल. तुम्ही एक करा : सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला गच्चीवर जाऊन सावली खडूने आखा. आखणी उन्हाळ्यात केली असेल तर डिसेंबरात पुन्हा करा. तेव्हा सूर्य खाली असतो आणि शेजारच्या ज्या माडाचा मे महिन्यात काही संबंध नव्हता, तो आडवा येतो.